फोर्कलिफ्टचा अपघात आणि जखमी कामगाराचे हक्क: पहिल्या तासापासून भरपाईच्या आदेशापर्यंत

"मोटारसायकलवरून घसरून पडल्यामुळे उजव्या पावलास दुखापत." काही वर्षांपूर्वी एका फौंड्रीतल्या हेल्परचा केसपेपर माझ्या हातात आला, तेव्हा त्यावर अपघाताविषयी एवढेच वाक्य होते. प्रत्यक्षात त्याचे पाऊल कास्टिंगची पेटी घेऊन मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टच्या, म्हणजे पुढच्या लोखंडी काट्यांवर माल उचलून नेणाऱ्या गाडीच्या, मागच्या चाकाखाली सापडले होते. दवाखान्यात नेताना सुपरवायझरने गाडीतच त्याला बजावले होते, "कंपनीचं नाव घेऊ नकोस, गाडीवरनं पडलो म्हण. पोलिसांची झंझट नको. खर्च सगळा मालक बघतील." पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्च मालकांनी बघितलाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा मात्र, मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या उपचाराशी कंपनीचा काय संबंध, असे ऑफिसातून विचारण्यात आले, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणारा एकही कागद त्याच्यापाशी नव्हता.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि इचलकरंजीची सूत गोदामे या पट्ट्यात फोर्कलिफ्ट आता हातगाडीइतकी सवयीची झाली आहे. तिच्या अपघातात जखमी झालेल्या कामगाराच्या बाजूने कायदा बराच भक्कम आहे. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझेही तो कामगारावर टाकत नाही. दावे बहुधा ढासळतात ते पहिल्या दोन दिवसांत कागदावर काय लिहिले गेले आणि काय लिहिले गेले नाही, यावरून. म्हणून हा लेख कायद्याच्या क्रमाने न लिहिता घटनेच्या क्रमाने लिहिला आहे.

आधी यंत्र समजून घ्या, कारण जबाबात तेच सांगावे लागते

तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन चार टनांहून अधिक असते. पुढच्या काट्यांवर चढवलेल्या मालाला मागच्या बाजूचे लोखंडी वजन तोलून धरते, म्हणजे सगळा खेळ तराजूचा असतो आणि पुढची दोन चाके हा त्या तराजूचा टेकू असतो. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य असे तीन बिंदू जोडले की जो त्रिकोण तयार होतो, त्याच्या आत भारासह गाडीचा गुरुत्वमध्य राहिला तर गाडी उभी राहते आणि तो बाहेर गेला तर उलटते. माल उंच उचलून वळण घेणे, उतारावर आडवे जाणे, किंवा पेटी काट्यांच्या मुळाशी न टेकवता टोकावर घेणे, या तिन्ही गोष्टींनी तो मध्य बाहेर सरकतो. यंत्रावरच्या पट्टीवर जी क्षमता लिहिलेली असते, ती भाराचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून ठरावीक अंतरावर, लहान आणि मध्यम गाड्यांत बहुधा ५०० मिलिमीटरवर, आहे असे धरूनच. लांबलचक माल घेतला की तीच तीन टनांची गाडी तीन टनांची राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. चालक डावीकडे वळतो तेव्हा गाडीचे शेपूट उजवीकडे झपकन बाहेर येते, आणि बाजूने चालणारा माणूस, गाडी तर पुढे गेली, असे समजून नेमका त्याच जागी पाऊल टाकतो. पायावरून चाक जाण्याचे आणि भिंतीशी चेंगरण्याचे पुष्कळ प्रकार असेच घडतात. बाकीचे प्रकार फौंड्रीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतील. उंच पेटीमुळे चालकाला पुढचे काही दिसत नसते, हॉर्न नाही तर रिव्हर्सचा भोंगा बंद असतो, पॅलेट, म्हणजे मालाखालची चौकट, मोडलेले असते, आणि उंचावरचा बल्ब बदलायला हेल्परला काट्यांवर उभे करून वर चढवलेले असते.

गाडी उलटू लागली तर चालकाने उडी मारायची नसते. पट्टा लावलेला ठेवून, स्टिअरिंग घट्ट धरून, पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकून आतच बसायचे असते, कारण उडी मारणारा बहुधा वरच्या लोखंडी छपराखालीच सापडतो. हे प्रशिक्षणात शिकवले गेले होते की नाही, हा प्रश्न पुढे चौकशीत महत्त्वाचा ठरतो.

पहिला तास

गाडी बंद करावी, चावी काढावी आणि भार तसाच ठेवून आधी माणूस वाचवावा. अंगावर भार पडलेला असेल तर घाईने गाडी मागे-पुढे करू नये. दुसऱ्या उचलयंत्राने किंवा जॅकने भार सरळ वर उचलावा. चेंगरलेला पाय वरून धडधाकट दिसला तरी आत रक्तस्राव होत असू शकतो, म्हणून "सुजलंय नुसतं, बर्फ लावू" असे म्हणून पाळी पुरी करून घेणे जिवावर बेतू शकते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

जखमीला कंपनीच्या ओळखीच्या दवाखान्यातच नेले पाहिजे असे बंधन नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, असो, कर्मचारी राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, रुग्णालय असो की जवळचे खासगी रुग्णालय असो; जिथे उपचार लवकर मिळतील तिथे न्यावे. ईएसआयच्या कामगारावर तातडीच्या प्रसंगी खासगी रुग्णालयात उपचार झाले तरी नियमांप्रमाणे खर्चाची परतफेड मागता येते. त्यासाठी ईएसआयला लवकर कळवावे आणि सगळी बिले मूळ प्रतीत जपावीत.

केसपेपरवरचे एक वाक्य

डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" या प्रश्नाचे उत्तर जखमीने, आणि तो बोलण्याच्या स्थितीत नसेल तर सोबतच्या माणसाने, खरे आणि पुरे द्यावे: अमुक कंपनीत, अमुक तारखेला, अमुक वाजता, कामावर असताना, फोर्कलिफ्टमुळे. डॉक्टरांनी ते लिहिले का, हे तिथल्या तिथे वाचून पाहावे आणि चुकीचे लिहिले असेल तर लगेच दुरुस्त करून मागावे. कामावरच्या गंभीर अपघाताची रुग्णालयात वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, जिला सगळे एमएलसी म्हणतात, आणि तिची वर्दी पोलिसांकडे जाते. या नोंदीला घाबरण्याचे कारण नाही. एमएलसी म्हणजे मालकावरचा गुन्हा नव्हे. माणूस कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या कारणाने आला, एवढेच ती सांगते.

पोलिसांनी जबाब घेतला तर तो मराठीत वाचून, समजून मगच सही करावी. यंत्राच्या बाबतीतला निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८९ खाली गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ लागते. पण फौजदारी खटला आणि भरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. गुन्हा नोंदला गेला नाही किंवा चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

अपघाताची नोंद आणि लेखी कळवणे

कारखान्यात अपघात नोंदवही असते. तीत तुमचे नाव, वेळ आणि कारण लिहिले गेले आहे का, ते पाहावे आणि शक्य असल्यास त्या पानाचा फोटो घ्यावा. दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने तो अपघात शासकीय यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. मालक कळवील या भरवशावर न राहता कामगाराने किंवा नातेवाइकाने स्वतः दोन ओळींचा अर्ज तिथे द्यावा आणि पोच घ्यावी.

मालकालाही लेखी नोटीस द्यावी. वकिली भाषेची गरज नाही. नाव, पत्ता, अपघाताची तारीख आणि कारण साध्या शब्दांत लिहिले की पुरे. उदाहरणार्थ: "दिनांक अमुक रोजी दुसऱ्या पाळीत सायंकाळी सहाच्या सुमारास, फेटलिंग विभागाच्या दारापाशी, कास्टिंगची पेटी मागे घेऊन येणाऱ्या फोर्कलिफ्टचे मागील चाक माझ्या उजव्या पावलावरून गेले. त्या वेळी मी सुपरवायझरांच्या सांगण्यावरून पॅलेट सरळ करत होतो. मला उपचार आणि कायद्याप्रमाणे भरपाई मिळावी." ही नोटीस हाती दिल्यास प्रतीवर सही-शिक्का घ्यावा, ते नाकारले गेले तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. नोटीस द्यायला उशीर झाला, पण मालकाला अपघाताची माहिती होती हे दिसून येत असेल, तर निव्वळ नोटिशीअभावी दावा बुडत नाही. असे असले तरी तो वाद अंगावर का घ्यावा?

पुरावा लवकर नाहीसा होतो

सीसीटीव्हीचे चित्रीकरण अनेक ठिकाणी काही दिवसांतच आपोआप पुसले जाते. म्हणून पहिल्याच अर्जात "अमुक वेळेचे चित्रीकरण जपून ठेवावे" अशी मागणी लिहावी, म्हणजे पुढे ते सादर झाले नाही तर त्याचा जाब विचारता येतो. फोर्कलिफ्टचा फोटो घेताना क्षमतेची पट्टी, घासलेले टायर, पट्टा, आरसा आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या आहेत की पुसल्या आहेत, हे सगळे दिसेल असे पाहावे. चालकाकडे परवाना आणि कंपनीचे अधिकारपत्र होते का, यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, त्या दिवशी सकाळी ब्रेकची तक्रार कोणी केली होती का, या गोष्टी सोबतच्या कामगारांना आठवत असतानाच लिहून ठेवाव्यात. साक्षीदारांची नावे आणि मोबाइल क्रमांकही घ्यावेत, कारण परप्रांतातून आलेला हेल्पर सणाला गावी जातो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच फौंड्रीत लागतो.

नोकरीचा पुरावा हा त्याहून अवघड प्रश्न. कंत्राटदाराच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसते आणि पगार रोखीने मिळतो. अशा वेळी गेटपास, हजेरीचा मेसेज, पीएफचा किंवा ईएसआयचा क्रमांक, बँकेच्या पासबुकातली नोंद, इतकेच काय, पाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधला "उद्या पहिल्या पाळीला या" हा संदेशसुद्धा कामी येतो.

तुम्ही कोणत्या कायद्याखाली येता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम आणि १९४८ चा ईएसआय अधिनियम आता सामाजिक सुरक्षा संहितेत, तर कारखाने अधिनियम व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत सामावला आहे. अपघात त्या तारखेपूर्वीचा असेल तर जुना कायदा पाहावा लागतो. भरपाईची मूळ चौकट दोन्हींत सारखीच आहे, त्यामुळे पुढचे विवेचन दोघांनाही उपयोगी पडेल; अर्जावर कायद्याचे नाव घालताना मात्र अपघाताची तारीख पाहावी.

खरी फाटाफूट होते ती ईएसआयपाशी. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. पगारातून ०.७५ टक्के कपात होत असेल तर तुम्ही विमाधारक आहात; मालक आणखी ३.२५ टक्के भरतो. असा कामगार कामावरच्या दुखापतीसाठी ईएसआयकडून लाभ घेतो आणि त्याच दुखापतीसाठी मालकाकडे वेगळी नुकसानभरपाई मागू शकत नाही. ज्यांना ईएसआय लागू नाही, त्यांची भरपाई थेट मालकाने द्यायची असते.

ईएसआयची वाट

इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा की, नोकरीला लागून थोडेच दिवस झाले असतील तर काही मिळत नाही. आजारपणाच्या भत्त्याला वर्गणीच्या दिवसांची अट असते, कामावरच्या दुखापतीला नसते. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. मालकाने वर्गणी भरली नाही ही त्याची चूक. ईएसआय महामंडळ ती त्याच्याकडून वसूल करते.

मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे शाखा कार्यालयात विचारून खात्री करावी. डॉक्टरांचे पहिले प्रमाणपत्र, मधली प्रमाणपत्रे आणि शेवटचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र ही साखळी तुटू देऊ नये. एका आठवड्याचे प्रमाणपत्र राहिले की त्या आठवड्याचे पैसे अडकतात. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आले नाही, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने, बरे होईपर्यंत मिळतो. महिना १८,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ६०० रुपये वेतन धरले, तर ही रक्कम रोज ५४० रुपयांच्या आसपास येते.

कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात हाच लाभ आयुष्यभर चालू राहतो. वरच्याच उदाहरणात ३० टक्के ठरले तर दिवसाला १६२ रुपये. मंडळापुढे जाताना आपण रोज काय काम करत होतो हे लिहून न्यावे. वजन उचलणे, शिडी चढणे, आठ तास उभे राहणे. नुसते "हेल्पर" म्हटल्याने मंडळापुढे कामाचे चित्र उभे राहत नाही. निर्णय पटला नाही तर अपील करता येते, पण त्याची मुदत थोडी असते.

मृत्यू झाल्यास अवलंबितांना ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि त्याचे पत्नी व मुलांत वाटप होते. अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकण्यास किंवा शिक्षा करण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ऑफिसात ठणकावून सांगायला हरकत नाही.

ईएसआय नसेल तेव्हा: भरपाईचा हिशेब

या हिशेबाला तीन आकडे लागतात: मासिक वेतन, वय आणि कमाईच्या क्षमतेतली घट. वेतन कितीही असले तरी हिशेबात दरमहा १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. ही मर्यादा जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ८,००० वरून वाढली. वयासाठी कायद्याच्या अनुसूचीत गुणक दिले आहेत: ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९. मृत्यू झाल्यास वेतनाचे ५० टक्के गुणिले गुणक, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले गुणक.

पस्तीस वर्षांचा, १८,००० रुपये पगाराचा कामगार घेऊ. हिशेबातले वेतन १५,०००, त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४० रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. मृत्यू झाला असता तर ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,७७,९५० रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर पूर्ण रकमेचा तेवढा टक्का. अनुसूचीत अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, पायाचा अंगठा मुळापासून गेल्यास १४ टक्के असे आकडे ठरवून दिले आहेत. ५० टक्के घट ठरली तर आपल्या कामगाराला ८,८६,७७० रुपये मिळायला हवेत. याखेरीज उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, आणि दुखापत तात्पुरती असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के.

टक्क्यांच्या बाबतीत एक बारकावा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा तोच आहे. सरकारी अपंगत्व प्रमाणपत्रावरचा टक्का शरीराचा असतो. भरपाईचा टक्का कमाईचा असतो. हे दोन आकडे एक नव्हेत. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७५ साली निकाल लागलेल्या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्के धरलेले सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. फोर्कलिफ्ट चालकाचा ब्रेकचा पाय निकामी झाला, किंवा भट्टीवरच्या माणसाचा मणका दुखावून त्याला वजन उचलणेच बंद झाले, तर हाच मुद्दा मांडता येतो. अनुसूचीत नसलेल्या दुखापतींसाठी डॉक्टरांनी कमाईच्या क्षमतेविषयी मत द्यावे लागते, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना "हा माणूस कुठले काम करू शकणार नाही" हे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहायला सांगावे.

भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारणाशिवाय टाळली असेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. ८,८६,७७० रुपयांवर एका वर्षाचे व्याजच १,०६,४१२ रुपये होते.

"तुझीच चूक होती" याला उत्तर

कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा बचाव होत नाही. दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश हेतुपुरस्सर मोडणे, किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे, आणि दुखापत थेट त्यामुळेच होणे, एवढेच बचाव मालकाला आहेत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हे बचावही चालत नाहीत. भिंतीवर "काट्यांवर उभे राहू नये" असा फलक असला आणि सुपरवायझरच रोज हेल्परला काट्यांवर चढवत असला, तर हेतुपुरस्सर आदेश मोडला असे म्हणणे कठीण जाते.

दुसरे नेहमीचे उत्तर असते, "तो आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे." कारखान्याच्या नित्याच्या कामात, कारखान्याच्या आवारात कंत्राटदाराचा माणूस जखमी झाला तर मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते, मालकाने ती पुढे कंत्राटदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांतला हिशेब. फोर्कलिफ्ट चालकासह भाड्याने आणली असेल तर अर्जात मुख्य मालक, कंत्राटदार आणि गाडीचा मालक या तिघांनाही पक्षकार करावे.

दोन शेडांच्या मधला रस्ता

कारखान्याच्या बंदिस्त आवारातच वापरायचे खास वाहन मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. पण औद्योगिक वसाहतीत एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माल नेताना फोर्कलिफ्ट सार्वजनिक रस्त्यावर येते आणि तिथे अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा पर्याय तपासून पाहावा. तिथे वेतनाला १५,००० ची मर्यादा नसते, मात्र निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोन्हीकडे हक्क असेल तर एकच वाट निवडावी लागते, आणि कायद्यात न्यायाधिकरणापुढच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

सही करण्याआधी

घरी दोन माणसे येतात, पाकीट ठेवतात आणि "मिटलं असं लिहून द्या" म्हणतात. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक असतो. रक्कम ठरवून केलेला समझोता सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. न नोंदवलेला समझोता मालकाला पूर्ण जबाबदारीतून सोडवत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते आणि वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतच्या आगाऊ रकमेचा तेवढा अपवाद. पैसे घेण्यास हरकत नाही, पण पावतीवर "उपचारासाठी आगाऊ, हक्क राखून" असे स्वतःच्या हाताने लिहावे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा मागची तारीख टाकलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. भरपाईच्या रकमेवर कर्जवसुलीची जप्ती येत नाही, हे सावकाराच्या धाकाने सही करू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अर्ज कुठे, कधी, कोणामार्फत

अपघातापासून दोन वर्षांच्या आत भरपाईचा अर्ज करावा. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. १९२३ च्या कायद्याखाली भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांचे काम आपल्याकडे कामगार न्यायालय पाहत आले आहे. संहितेत त्या जागी सक्षम प्राधिकारी हा शब्द आहे. अपघाताच्या ठिकाणी किंवा अर्जदार राहतो तिथे, दोन्हीकडे अर्ज करता येतो, त्यामुळे बिहारहून आलेल्या कामगाराच्या विधवेला कोल्हापुरात खेटे घालण्याची सक्ती नाही.

औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. टक्केवारीवर केस घेणाऱ्याकडे जाण्याआधी ही पायरी चढून पाहावी.

भरपाईखेरीज आणखी दोन-तीन ठिकाणी पैसे पडून असतात आणि ते मागायचे राहून जातात. बँक पासबुकात दरवर्षी २० रुपयांची कपात दिसत असेल तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची आहे; अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख रुपये मिळतात आणि बँकेला ३० दिवसांच्या आत कळवायचे असते. पीएफ असलेला कामगार नोकरीत असताना मरण पावला तर त्याच्याशी जोडलेल्या विम्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पीएफच्या पेन्शन योजनेतून, दहा वर्षे पुरी झाली नसली तरी, पेन्शन मागता येते.

निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे, आणि १९२३ च्या कायद्याखाली मालकाला अपील करायचे तर ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते. पूर्वी अशा अपिलासाठी मुंबई गाठावी लागे आणि एका तारखेला दोन दिवसांचा रोज बुडे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. तारीख असलेल्या दिवशी शिरोलीचा कामगार आता सकाळच्या बसने न्यायालयात जाऊन दुसऱ्या पाळीला परत येऊ शकतो.